‘मला कोणी खेळायला घेत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला नेमके काय सांगावे?

खाडीपलीकडची (देवगड तालुका), २० नोव्हेंबर

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. सासऱ्यांच्या पश्चात आंब्याची बाग पाहायला गावी कोणी उरले नव्हते आणि यजमानांचे काम घरून करता येण्यासारखे होते, म्हणून या जूनमध्ये आम्ही ठाण्याहून कायमचे गावी आलो. मुलाला गावातल्याच प्राथमिक शाळेत घातले. शाळेचा पट एकोणीस आहे आणि त्याच्या वयाचे मुलगे सगळे मिळून सात-आठच आहेत, त्यामुळे एका टोळक्याशी जमले नाही तर दुसरे टोळके शोधावे अशी इथे सोय नाही.

भात कापून झाल्यापासून वाडीतली मुले संध्याकाळी मळ्यात क्रिकेट खेळतात. हा रोज उत्साहाने जातो, बांधावर उभा राहतो आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येतो. विचारले की एकच उत्तर मिळते, ‘मला घेत नाहीत. मी असाच आहे. मला कोणी कधीच घेणार नाही.’ मुले नेमके काय म्हणाली असे खोदून विचारले, तेव्हा ती ‘वायच थांब, मगे घेतंव’ असे म्हणतात आणि त्याला ‘मेल्या’ म्हणून हाक मारतात, एवढे कळले.

मी आतापर्यंत तीन गोष्टी करून पाहिल्या. ‘तू किती हुशार आहेस, त्यांनाच तुझी किंमत नाही’ अशी समजूत घातली, पण तिचा उपयोग झाला नाही. नवी बॅट घेऊन दिली; ती मुलांनी आनंदाने वापरली आणि हा दिवसभर चेंडू आणून देत राहिला. शेवटी दोन मुलांच्या आयांशी बोलले, तेव्हा त्याला दोन दिवस खेळायला घेतले, पण कच्चा लिंबू म्हणून. आणि ते त्याला समजले, हे सर्वांत वाईट झाले.

तो मुळातच अबोल आहे. मीही लहानपणी तशीच होते, त्यामुळे हा मुळातला स्वभावच असेल तर त्यात किती बदल होणार, अशीही शंका येते. मात्र मुले आपल्या अपयशाचे कारण स्वतःला कसे सांगतात ते बदलले तर त्यांचे मिसळणेही सुधारते, असे मध्यंतरी वाचनात आले. हे खरे आहे का, आणि घरच्या घरी ते कसे करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

चिंचोका (निवृत्त प्राथमिक शिक्षक, गुहागर तालुका), २० नोव्हेंबर

ताई, माझ्या नोकरीची अठरा वर्षे मालवण तालुक्यात गेली, त्यामुळे आपल्या प्रश्नातल्या दोन शब्दांपाशीच मी थबकलो.

‘मगे घेतंव’ याचा अर्थ ‘नंतर घेतो’ असाच आहे, आणि बहुतेक वेळा मुलांच्या मनातही तेवढेच असते. चालू डावात मधेच भिडू घेतला तर दोन्ही बाजू विषम होतात, म्हणून हा डाव संपेपर्यंत थांब, इतकाच त्याचा आशय. परंतु शहरात ‘नंतर बघू’ हे नकाराचे सभ्य रूप असते आणि आपल्या मुलाचा कान त्या भाषेवर तयार झालेला आहे. तो पंधरा मिनिटांत घरी येतो आणि त्यानंतर पाच मिनिटांनी कदाचित त्याला हाक मारली जाते, तेव्हा बांधावर कोणी नसते. ‘मेल्या’चेही तसेच आहे. आमच्या पहिल्या वर्षी माझी पत्नी या शब्दाने दोन दिवस रडली होती. शेजारच्या काकींनी ‘मेल्या, जेवलंस काय?’ असे आपल्या मुलाला प्रेमाने विचारताना मारलेली ती हाक होती, आणि हिला वाटले की दारात येऊन कोणी शिव्या देत आहे. ज्याला परके मानतात त्याला तिकडे ‘मेल्या’ म्हणत नाहीत. मुलाला हे एकदा शांतपणे सांगून पाहा. सगळाच प्रश्न भाषेचा आहे असे मी म्हणत नाही, पण जो भाग भाषेचा आहे तो स्वभावाच्या खात्यावर का मांडावा?

आता कारणांविषयी. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर कोणीतरी रडवेले होऊन येणे हे रोजचेच होते. मी त्याला बाजूला बसवून मूठभर चिंचोके आणि डब्याची चार झाकणे द्यायचो. एक झाकण ‘मी असाच आहे म्हणून’, दुसरे ‘आज मी जे केले त्यामुळे’, तिसरे ‘त्यांच्यामुळे’ आणि चौथे ‘वेळच तशी होती म्हणून’. मग सुचेल त्या प्रत्येक कारणासाठी एक चिंचोका योग्य त्या झाकणात टाकायचा. आरंभी सगळे चिंचोके पहिल्या झाकणात पडत. मी ते काढायला सांगत नसे. फक्त ‘अजून एक कारण आठव’ म्हणायचो. पाच-सहा कारणे झाली की मूल स्वतःच थांबून झाकणांकडे पाही. यात उपदेश शून्य असतो, हाच त्याचा गुण.

एका प्रसंगात मात्र मी सपशेल चुकलो. एका मुलाला मी ‘तू प्रयत्न कमी करतोस, जास्त प्रयत्न कर’ असे सांगितले. पोर आज्ञाधारक होते. त्याने खरोखरच जास्त प्रयत्न केले, म्हणजे आधी जे चुकीचे करत होता तेच दुप्पट जोराने केले. आधी तो खेळात घुसून आरडाओरडा करायचा, आता त्याहून मोठ्याने करू लागला आणि वर घरचे काजू वाटू लागला. काजू संपेपर्यंत त्याला खेळात घेतले गेले. तेव्हापासून मी ‘प्रयत्न’ हा शब्द सोडून ‘रीत’ हा शब्द वापरू लागलो. तुझी आजची रीत चालली नाही, उद्या कोणती करून बघशील, असे विचारू लागलो.

समुपदेशिका (रत्नागिरी), २१ नोव्हेंबर

गुरुजींनी अनुभवातून जे सांगितले आहे त्याला अभ्यासाचा आधार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण जे वाचलेत ते खरे आहे, पण त्याला मर्यादा आहेत. माणसे घटनांची कारणे कशी लावतात या विचाराला मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘गुणारोपण’ म्हणतात. मला स्वतःला ‘कारणमीमांसा’ हा साधा शब्द बरा वाटतो. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारायला शिकवले: हे कारण माझ्यात आहे की बाहेर, ते टिकणारे आहे की बदलणारे, आणि ते माझ्या हातातले आहे की नाही. आपल्या मुलाचे ‘मी असाच आहे’ हे वाक्य या तिन्ही प्रश्नांवर तपासून पाहा. कारण आत आहे, कायमचे आहे आणि हाताबाहेरचे आहे. म्हणजे उद्या मळ्यात जाण्यात अर्थच उरत नाही. असे असूनही तो रोज जातो, ही गोष्ट आपण प्रश्नात ओघात लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने ती फार मोलाची आहे.

१९७५ मध्ये कॅरॉल ड्वेक यांनी केलेला एक प्रयोग या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. गणितात एकदा अपयश आले की पार कोसळणारी बारा मुले त्यांनी घेतली. निम्म्या मुलांना कित्येक दिवस केवळ यश मिळेल अशीच उदाहरणे दिली. उरलेल्यांना बहुतेक वेळा यश, पण अधूनमधून ठरवून अपयश दिले आणि त्या प्रत्येक अपयशानंतर ‘इथे प्रयत्न कमी पडले’ असे कारण सांगितले. पुढे दोन्ही गटांना अवघड उदाहरणे दिली, तेव्हा केवळ यशावर वाढवलेली मुले पूर्वीसारखीच ढासळली आणि कारण बदलायला शिकलेली मुले तग धरून राहिली. आपल्या बॅटचा प्रयोग आणि आयांशी बोलण्याचा प्रयोग, हे दोन्ही पहिल्या गटासारखे होते: यश हातात आणून दिले, पण अपयशाचा अर्थ आत तसाच राहिला.

गणितातले हे मैत्रीला लागू पडते का, हा रास्त प्रश्न आहे. गेट्झ आणि ड्वेक यांनी १९८० मध्ये तो तपासला. पत्रमैत्रीच्या एका मंडळात प्रवेश मिळवण्यासाठी मुलांनी स्वतःची ओळख करून देणारा निरोप पाठवायचा होता. आधी त्यांना होकार मिळाला नाही आणि मग पुन्हा एक संधी दिली. नाकारले जाण्याचे कारण ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असे लावणाऱ्या मुलांचा दुसरा प्रयत्न सर्वांत जास्त विस्कटला.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘त्यांनाच तुझी किंमत नाही’ हे वाक्य कृपया बंद करावे. त्याने कारण आतून बाहेर जाते खरे, पण कायमचे आणि हाताबाहेरचेच राहते. शिवाय मुलाच्या मनात इतरांविषयी संशय पेरला जातो. केनेथ डॉज यांनी १९८० पासून दाखवून दिले आहे की आक्रमक मुलांमध्ये, मुद्दाम झाले की चुकून झाले हे स्पष्ट नसलेल्या प्रसंगातही समोरच्याचा दुष्ट हेतू गृहीत धरण्याचा कल असतो. अशा मुलांसाठी सिंथिया हडली आणि सँड्रा ग्रॅहम यांनी १९९३ मध्ये बारा पाठांचा एक कार्यक्रम तपासला, त्यात समोरच्याचा चेहरा, आवाज आणि प्रसंग पाहून हेतू कसा ओळखावा आणि हेतू कळत नसेल तर ‘चुकून झाले असेल’ असे आधी कसे धरावे, हे शिकवले होते. त्या मुलांचे इतरांवर दुष्ट हेतू लादणे कमी झाले आणि शिक्षकांच्या नोंदीनुसार आक्रमकपणाही उतरला. आपला मुलगा स्वतःला दोष देणारा आहे, इतरांवर धावून जाणारा नाही. म्हणून त्याला निराळ्या बाजूने हात द्यावा लागेल, पण ‘मेल्या’च्या बाबतीत मात्र हीच कसरत उपयोगी पडेल. ‘तू किती हुशार आहेस’ हेही टाळावे, कारण तीही एक पक्की चिकटलेली चिठ्ठीच आहे, फक्त रंग वेगळा.

दुसरी गोष्ट अशी की, कारण बदलल्यावर हातात काहीतरी करण्यासारखे पडले पाहिजे, नाहीतर गुरुजींच्या काजूवाल्या मुलासारखे होते. चालू खेळात शिरकाव कसा करावा, हे एक स्वतंत्र कसब आहे. पुटालाझ आणि गॉटमन यांच्या १९८१ च्या निरीक्षणांत असे दिसले की, नावडती मुले शिरताना स्वतःविषयी बोलतात, प्रश्न विचारतात, मतभेद काढतात, म्हणजे खेळाचे लक्ष स्वतःकडे ओढतात. आवडती मुले आधी काय चालले आहे ते पाहतात आणि जे चालले आहे त्यातच भर घालतात. म्हणून बांधावर उभे राहून पाहणे ही आपल्या मुलाची चूक नव्हे, ती पहिली पायरी आहे आणि ती त्याला आधीच येते. दुसरी पायरी शिकवायची आहे. ‘मला घ्याल का?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणण्याची सोय आपणच करून देतो. त्याऐवजी चेंडू कुंपणात गेला तर शोधायला धावावे, ‘चार गेले, चार!’ असे ओरडावे, आणि डाव संपताना ‘मी कोणाकडे?’ असे विचारावे. हे घरी पडवीत आई-बाबांनी भिडू होऊन दोन-चार वेळा खेळून पाहावे, तोंडी सांगून ते जमत नाही.

हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतल्या मुलांवर झालेले आहेत आणि काहींतली मुलांची संख्या लहान आहे, हे लक्षात ठेवून दिशा तेवढी घ्यावी.

शेवटी, रागावणार नाही या भरवशावर लिहिते. आपल्या प्रश्नात ‘मुळातच अबोल’ आणि ‘मुळातला स्वभाव’ असे शब्द आले आहेत. मुलगा ‘मी असाच आहे’ म्हणतो. हे वाक्य घरात प्रथम कोणी उच्चारले, याचा एकदा शांतपणे विचार करावा.

बंदरावरचा (हर्णै), २२ नोव्हेंबर

वरील सर्व वाचले. विरोध करण्यासाठी लिहीत नाही, पण एक बाजू राहून जाते आहे.

आमचा पिढीजात धंदा मासेमारीचा. माझी मुलगी पाचवीत तालुक्याच्या एका शाळेत जाऊ लागली, तेव्हा दोन महिन्यांत तिचे बोलणे बंद झाले. तिच्या शेजारी बसायला मुली तयार नव्हत्या, कारण तिच्या दप्तराला म्हणे मासळीचा वास येतो. ती रोज सकाळी दोनदा साबणाने हात धुऊ लागली आणि एक दिवस आईला म्हणाली की, बाबांनी बंदरावर जाणे सोडले तर बरे होईल. शाळेत जाऊन भेटलो, तर तेथील बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले की, मुलीने थोडे मोकळे व्हावे, मिसळायला शिकावे, आपल्याला कोणी दूर ठेवते असे मनात आणू नये.

म्हणजे माझ्या मुलीने जे खरे कारण सांगितले होते तेच बदलायला तिला सांगण्यात आले. कारणे बदलण्याच्या या विद्येचा असा वापर होऊ शकतो, याकडे समुपदेशिका ताईंनी लक्ष द्यावे. आमच्या बाबतीत कारण तिच्या रीतीत नव्हते, तिच्या प्रयत्नातही नव्हते. ते त्या वर्गात होते आणि त्या वर्गाने ते घरून आणले होते. जो माणूस बुधवारी, शुक्रवारी, रविवारी पापलेट मिळावे म्हणून लिलावाच्या गर्दीत उभा असतो, त्याच्याच मुलीला मासळीवाल्याच्या मुलीचा वास कसा येतो, हे मला अजून कळलेले नाही.

समुपदेशिका (रत्नागिरी), २२ नोव्हेंबर

दादा, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि मी ते पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते.

मुलाने लावलेले कारण बदलायचे ते चुकीचे असेल तेव्हाच, अवघड किंवा गैरसोयीचे आहे म्हणून नव्हे. आपल्या मुलीने कारण अचूक लावले होते. तिथे काम मोठ्यांचे होते: बसण्याची जागा शिक्षकांनी ठरवून देणे, वासावरून चिडवणे हा छळ आहे असे वर्गात स्पष्टपणे सांगणे आणि त्यावर नजर ठेवणे. मुलीच्या बाजूने सांभाळायची एकच गोष्ट असते. ‘त्या मला दूर ठेवतात’ हे खरे वाक्य हळूहळू ‘मी दूर ठेवण्यासारखीच आहे’ या खोट्या वाक्यात बदलत जाते, ते तेवढे होऊ द्यायचे नाही. तिने हात दोनदा धुणे आणि बाबांनी बंदर सोडावे असे म्हणणे, हे तो बदल सुरू झाल्याचे लक्षण होते. आता तिचे कसे चालले आहे?

बंदरावरचा (हर्णै), २२ नोव्हेंबर

शाळा बदलली. आता सातवीत आहे. बरे चालले आहे. पण शाळा तिला बदलावी लागली, त्यांना नाही.

चिंचोका (निवृत्त प्राथमिक शिक्षक, गुहागर तालुका), २३ नोव्हेंबर

दादांचे वाचून माझ्या तिसऱ्या झाकणाविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले. ‘त्यांच्यामुळे’ हे झाकण मी मुद्दाम ठेवले होते, आणि त्यात चिंचोके जास्त पडू लागले की ते मूल बाजूला ठेवून मी वर्गाकडे वळायचो. एका मुलीच्या बाबतीत त्या झाकणात आठवडाभर रोज चार-चार चिंचोके पडले, तेव्हा मला कळले की तिला शौचालयाच्या वाटेवर अडवले जाते. शिक्षकाला न विचारता कळत नाही, आणि विचारले तरी ‘तुझेच काय चुकले’ असे विचारले तर मुळीच कळत नाही.

खाडीपलीकडच्या ताईंना आणखी एक सुचवतो. सात-आठ जणांच्या टोळक्यात एकदम शिरण्यापेक्षा आधी एका मुलाशी जमू द्यावे. त्यातही आपल्या मुलाला जे येत नाही आणि त्या मुलाला उत्तम येते, असे काही निवडावे. ओहोटीला कुर्ल्या पकडायला जाणे हे त्यासाठी फार चांगले. तिथे गावातला मुलगा गुरू असतो, नवा मुलगा शिष्य असतो, आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही. फक्त सोबत एक मोठे माणूस असू द्यावे आणि भरतीची वेळ पाहून जावे.

खाडीपलीकडची (देवगड तालुका), २३ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. ‘मुळातच’ हा शब्द मी लिहिला आहे, हे समुपदेशिका ताईंनी दाखवेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते. रागावण्याचा प्रश्नच नाही. उलट काल संध्याकाळी लक्ष देऊन ऐकले, तेव्हा घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ‘आमचो लाजाळूच, कोणात मिसळणा नाय’ हे वाक्य सासूबाई कौतुकाने म्हणतात आणि तो तिथेच पाटावर बसून ऐकत असतो, हे दिसले. त्यांच्या मनात खोट काहीच नाही. त्यांना कसे सांगावे? शिवाय माझा मुलगा कधीकधी पोटात दुखते म्हणून शाळा बुडवतो. हे कितपत गंभीर धरावे?

समुपदेशिका (रत्नागिरी), २४ नोव्हेंबर

आजींना ‘असे बोलू नका’ म्हणून सांगितले तर त्या दुखावतील आणि बोलणे थांबणारही नाही. त्यापेक्षा वाक्याची शेपटी बदलायला सांगावी. ‘लाजाळूच’ऐवजी ‘अजून वळख झाली नाय’ एवढे म्हणायला कोणत्याही आजीची हरकत नसते, आणि ‘अजून’ या शब्दात कारण कायमचे राहत नाही. माझ्या अनुभवात आज्या हे काम आई-वडिलांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांना त्याचे पुस्तकी ओझे नसते.

पोटदुखीविषयी: आधी डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही ना, याची खात्री करावी. ती शाळेच्या दिवशीच आणि सकाळीच होत असेल, किंवा झोप, भूक आणि आवडीचे खेळही कमी झाले असतील, तर कारणे बदलण्याच्या घरगुती प्रयोगांवर थांबू नये. ऐकू कमी येणे, अडखळत बोलणे, समोरच्याच्या हावभावांचा अर्थ न लागणे, अशा गोष्टींमुळेही मूल मागे पडते आणि त्या तपासाव्या लागतात. फोनवरून बोलायचे असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

खाडीपलीकडची (देवगड तालुका), ९ जानेवारी

दीड महिन्याने लिहिते आहे. कोणाला अशाच प्रश्नासाठी उपयोग व्हावा म्हणून जे झाले ते, जमले-न जमलेले सगळे, लिहून ठेवते.

चिंचोक्यांचा प्रयोग दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी ‘हा अभ्यासच आहे’ असे म्हणून त्याने झाकणे सरकवून दिली. गुरुजी, आपल्या वर्गात ते जमत असे, घरात आईसमोर बहुधा जमत नाही. मग मी बसवून विचारणे सोडले आणि कलमांना पाणी घालताना किंवा गिरणीवर जाताना विचारू लागले. एकमेकांकडे न पाहता बोलायचे असेल तर तो बोलतो, हे नऊ वर्षांत प्रथमच लक्षात आले.

‘मगे’चा अर्थ सांगितला तेव्हा त्याने विश्वास ठेवला नाही. ‘तुला कसे माहीत?’ असे विचारले आणि ते योग्यच होते, कारण मलाही ते गुरुजींकडूनच कळले होते. शेवटी शेजारच्या मुलालाच विचारले. त्याने आश्चर्याने आमच्याकडे पाहिले आणि ‘मगे म्हंजे मगे’ एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी हा अख्खा डाव थांबला. चेंडू ओहोळात गेला तेव्हा धावला, कोपरापर्यंत चिखलात हात घालून चेंडू काढला, पुढच्या डावात त्याला घेतले, आणि दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. घरी येऊन तो पुष्कळ रडला व पुढचे तीन दिवस गेला नाही. त्या तीन दिवसांत मला वाटले की हे सगळे व्यर्थ आहे. पण त्या वेळी तो रडत जे म्हणत होता ते निराळे होते: ‘बॅट खाली आणायला उशीर झाला.’ मी त्यावर काहीही बोलले नाही. यजमानांनी पडवीत रबरी चेंडू आणून ठेवला आणि तेही काही बोलले नाहीत.

कुर्ल्यांचे मात्र उत्तम जमले. शेजारच्या मुलाबरोबर तो दोनदा गेला, एकदा बोट चावून घेतले आणि ती जखम शाळेत सगळ्यांना दाखवली. सासूबाईंना ‘अजून’ शिकवले. त्या आता इतक्या उत्साहाने ते वापरतात की परवा पोस्टमनलाही सांगून झाले. पोटदुखी डॉक्टरांना दाखवली, जंतांचे औषध दिले आणि ती थांबली, म्हणजे तिचे कारण मी उगीचच मनात शोधत होते.

अजूनही तो मोठ्या घोळक्यात गप्प असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचात भाग घ्यायला त्याने साफ नकार दिला आणि आम्ही आग्रह केला नाही.

काल संध्याकाळी तो दहा मिनिटांतच मळ्यातून परत आला. माझ्या पोटात धस्स झाले. कोणी काय म्हटले, तू काय केलेस, आणखी काय कारण असेल, हे सगळे प्रश्न क्रमाने माझ्या ओठांवर तयार होते. त्याने पायऱ्यांवरूनच ओरडून सांगितले की चेंडू हरवला म्हणून खेळ बंद पडला आहे आणि त्याला बॅटरी हवी आहे. बॅटरी घेऊन तो आणि शेजारचा मुलगा कुंपणात शिरले. चेंडू सापडला नाही. आज नवा आणायला वर्गणी काढली आहे, प्रत्येकी पाच रुपये, आणि त्याचेही पाच त्यात घेतले आहेत.